औषधाचं नाव काढायचं नाही

ऑगस्टच्या उन्हानं सौदीतल्या अल खर्जच्या गोठ्यांचं दूध उतरलं, तसा धोंडीरामच्या घरी परतायच्या वेळेला धरबंध राहिला नाही.

डेअरीतल्या गाई उंच पत्र्याच्या छपराखाली उभ्या असत. छपराला मोठे पंखे आणि पंख्यांच्या तोंडाशी बारीक पाणी फवारणाऱ्या नळ्या. पाणी खारट. नळ्यांच्या तोट्या क्षारानं बुजायच्या. तोटी बुजली की तिच्याखालच्या गाई जिभा बाहेर काढून धापा टाकायच्या आणि मुदीर, म्हणजे डेअरीचा मॅनेजर, फोनवर ओरडायचा, "यल्ला, यल्ला, धोंडी कुठाय?" धोंडीरामची नेमणूक दूध काढायच्या यंत्रांवर होती, पण उन्हाळ्यात या फवाऱ्यांचे पंपही त्याच्याच गळ्यात पडत. मेकॅनिकांच्या खोलीतला एसी बंद पडलेला. तो दुरुस्त करायला मात्र कुणाला वेळ नव्हता. दिवसभर पायात गमबूट, बुटात पाणी आणि शेण. संध्याकाळी बूट काढले की पाय भिजत घातलेल्या पावट्यासारखे पांढरे दिसायचे.

हेमलता हे सगळं बघत होती. तिला दुसरंही काही दिसत होतं. नवरा घरात आला की आधी पाण्याच्या बाटलीला तोंड लावायचा. एक संपली की दुसरी. रात्रीत किती वेळा उठायचा याला हिशेब नव्हता. पँट कमरेवर राहत नव्हती, पट्ट्याला खिळा तापवून नवं भोक पाडलं होतं.

"अवं, लई बारीक झालासा," ती म्हणाली.

"बारीक नगं का व्हायला? पोट घेऊन फिरत हुतो तवा बरं वाटत हुतं व्हय तुला?" धोंडीराम हसला. "डॉक्टर म्हणत्यात, अंगावरचं वझं उतरलं की आजार बी उतरतो."

डॉक्टर म्हणजे डॉक्टर रहमतुल्ला. त्यांचं नाव आलं की हेमलताच्या कपाळाला आठी पडायची.

डॉक्टर मूळचे दाभोळ खाडीकाठचे. मुंबईला शिकले, एमडी झाले आणि तरुण वयातच इकडे आले. गावातल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये त्यांची खुर्ची होती. डेअरीतला, शेतातला, कारखान्यातला जो भारतीय माणूस आजारी पडे तो त्यांच्यापुढे जाऊन बसे. धोंडीरामची साखर पहिल्यांदा त्यांनीच पकडली होती. इन्सुलिन त्यांनीच सुरू केलं होतं. त्या वेळी ते फार बोलत नसत. मान वर न करता लिहायचे आणि घंटी वाजवायचे.

मग एक दिवस रोग्याच्या छातीला नळी लावलेली असतानाच त्यांच्याच छातीत कळ आली. हृदयाचं ऑपरेशन झालं. बरे होऊन परत आले ते दुसरेच माणूस होऊन. पहाटे वाळवंटाच्या कडेनं चालू लागले. मैदा सोडला, साखर सोडली, चालताना भेटेल त्याला थांबवून बोलू लागले. क्लिनिकच्या मालकाशी त्यांचं बिनसलं. तपासण्या आणि सुया लिहायला ते राजी नव्हते, असं लोक म्हणत. मालक म्हणायचा, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. खरं काय ते दोघांनाच ठाऊक. डॉक्टरांनी खुर्ची सोडली. त्यांचा इकामा, इथं राहायचा परवाना, आता एका खजुराच्या गोदामाच्या मालकाकडे होता. कागदावर ते गोदामाचे मॅनेजर होते.

दर शुक्रवारी ते गावाबाहेरची एक इस्तिराहा भाड्यानं घ्यायचे. भिंतीआडची खजुराची बाग, एक लांबलचक खोली, बाहेर गालिचे. पुरुष बाहेर बसत, बायका खोलीत. डॉक्टर मधोमध उभे राहून बोलत. कसं जेवायचं, कसं चावायचं, कधी निजायचं, श्वास कसा सोडायचा. राग कुठं साठतो, काळजी कुठं साठते. कोकणातले, सोलापूरकडचे, केरळचे, पाकिस्तानातले, सगळे ऐकत बसायचे. एवढं प्रेमानं त्यांच्याशी त्या देशात दुसरं कुणी बोलत नव्हतं, हे हेमलतालाही मान्य होतं. तिचे स्वतःचे गुडघे त्यांनी सांगितलेल्या चालण्यानं हलके झाले होते.

पण एक गोष्ट तिला खटकायची. कुणी मधेच उठून विचारलं, "साहेब, माझी बीपीची गोळी..." की डॉक्टर हात वर करायचे.

"इथं औषधाचं नाव काढायचं नाही. घ्या असंही मी म्हणणार नाही, सोडा असंही म्हणणार नाही. आपण शरीराबद्दल बोलू."

लोकांना ते फार मोठं वाटायचं. हेमलताला वाटायचं, ज्या माणसानं जन्मभर औषधं लिहिली तो नावाला एवढा का बिचकतो? आणि डॉक्टरांनी हात वर केला की मागच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघून समजल्यासारखी माना का हलवतात?

धोंडीरामही तशीच मान हलवायचा.

एके दिवशी सकाळी ती संडास धुवायला गेली. भांड्याच्या कडेनं मुंग्यांची ओळ लागली होती. बारीक तांबड्या मुंग्या, भिंतीच्या फटीतून थेट भांड्यापर्यंत. तिनं पाणी ओतलं. दुपारी बघितलं तर ओळ पुन्हा तयार. तिच्या सासऱ्याला साखर होती. जतकडच्या त्यांच्या गावात म्हातारा परसात जाऊन आला की तिथं अशाच मुंग्या धरायच्या.

संध्याकाळी तिनं विचारलं, "सुई घेताय न्हवं?"

"घेतोय की."

"फ्रिजमध्ये तर दिसत न्हाई."

"कामावर ठेवलीया. तिथल्या फ्रिजात." त्यानं तिच्याकडे न बघता टॉवेल उचलला आणि आंघोळीला गेला. चालताना डावा पाय जरा बाहेर टाकत होता.

त्यांची मुलगी आर्या अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, पापा झूठ बोल रहे हैं. ही स्टॉप्ड इट. मेरे सामने फेंक दिया."

"कधी गं?"

"स्कूल खुलने से पहले. बोले, मम्मी को मत बताना."

हेमलता त्या रात्री काही बोलली नाही. बोलली असती तर भांडण झालं असतं, आणि भांडून धोंडीराम कधी वळला नव्हता. तिला आधी डॉक्टरांकडून ऐकायचं होतं.

गुरुवारी ती डॉक्टरांच्या घरी गेली. शुक्रवारच्या जमावासाठी सातूची पेज आणि ज्वारीच्या भाकरी लागायच्या. डॉक्टरांच्या बायकोचे, हफीजाभाभींचे हात संधिवातानं वाकडे झाले होते, म्हणून ती मदतीला जायची. सातू भाजायचे, दळायचे, पीठ चाळायचं. भाभी समोर स्टुलावर बसून गावाकडच्या गोष्टी सांगायच्या. खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण, पावसातली कुळथाची पिठी. बाई मायाळू होती. डॉक्टर घरी नव्हते, गोदामावर गेले होते.

"भाभी, ताक हाय काय? घसा सुकला भाजून भाजून."

"फ्रिजात लबन हाय बघ गो. घे तुझ्या हातानं."

हेमलतानं फ्रिज उघडला. लबनची मोठी बाटली पुढे ओढली. तिच्या मागे निळ्या टोपणाच्या, इन्सुलिनच्या पेनांचा एक पुडा होता. तसाच पुडा आपल्या फ्रिजमध्ये असायचा. तिनं तो हातात घेतला. वजनाला भरलेला होता. एक पेन अर्धवट वापरलेलं.

बाटली तिथंच राहिली. ती पुडा घेऊन भाभींपुढे उभी राहिली.

"ह्ये कुणाचं?"

"माझा गो. दुसऱ्या कुणाचा असेल?"

"तुमी सुई घेता?"

"आमचा तल्हा पोटात होता तेव्हापासून घेतंय. मध्ये बंद झालेली, मग परत लागली." भाभी हसल्या. "हेच टोचतात रोज. माझ्या बोटांनी दाबायला होत नाय."

"डॉक्टर टोचत्यात?"

"मग कोण?"

भाभींनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"का गो? काय झाला? कोणी बंद केली काय?"

हेमलतानं पुडा ओट्यावर ठेवला, कढईखालचा गॅस बंद केला आणि चपला घातल्या. भाजलेले सातू तसेच कढईत राहिले.

बाहेर ऊन डोळ्यांत खुपत होतं. धुळीचा वारा सुटलेला, रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं. ती ओढणी तोंडाला बांधून चालत राहिली. पहिल्यांदा राग आला तो डॉक्टरांचा. स्वतःच्या बायकोला रोज टोचतो आणि आमच्या माणसांना श्वास सोडायला शिकवतो. कोपऱ्यावरच्या किराणा बाकाल्यापर्यंत आल्यावर राग नवऱ्याकडे वळला. घराचा जिना चढताना राग गेला आणि तिथं नुसती भीती राहिली.

धोंडीराम दुपारच्या सुट्टीत घरी आलेला होता. पलंगावर आडवा, पायात मोजे.

"मोजं काढा."

"का?"

"काढा म्हणते न्हवं."

"अगं, गमबुटानं जरा घासलंय. दुखत बी न्हाई."

तिनं त्याच्या डाव्या पायाचा मोजा धरला. तो निघेना, करंगळीजवळ चिकटला होता. तिनं पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला. वास आधी आला. मग दिसलं. करंगळी काळी पडली होती, तिच्या शेजारच्या बोटाला खालून खड्डा, खड्ड्यात पिवळं. पायाचा चवडा सुजून चकाकत होता.

"दुखत न्हाई?" तिनं करंगळीच्या वर बोट दाबलं.

"न्हाई."

"हितं?"

"काईच कळत न्हाई बघ. म्हणून तर म्हणलं, बरं हाय."

ती जमिनीवरच बसली. मग उठून फोन घेतला आणि डॉक्टरांना लावला. "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी या. आत्ता." एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या दाढीत धूळ होती. भाभींनी त्यांना फोन केलेला असावा, कारण दारातच ते म्हणाले, "हेमलताबाई, आधी पाय बघू द्या. मग काय बोलायचं ते बोला."

ते गुडघ्यावर बसले. चष्मा वर केला. पाय हातात घेतला, घोट्यामागे बोटं ठेवून नाडी बघितली, नडगीवर अंगठा दाबला, खड्डा पडला तो बघत राहिले. शुक्रवारी बोलणारा माणूस तिथं नव्हता. मान वर न करता लिहिणारा तो जुना माणूस होता. त्यांच्या तोंडाचा रंग उतरला.

"ताप आहे?"

"सकाळधरनं कणकण हाय," धोंडीराम म्हणाला. "साहेब, तुमीच सांगा हिला. उपासानं, चालण्यानं अंग आपलं आपण बरं करतं का न्हाई?"

"सुई कधी बंद केलीस?"

"तुमचं ऐकाय लागलो तवा."

"मी बंद कर म्हटलं होतं?" डॉक्टरांचा आवाज चढला. "धोंडीराम, माझ्या तोंडून कधी निघालं असं?"

हेमलता दाराला पाठ लावून उभी होती.

"चालू ठेवा असं तरी कधी निघालं?" ती म्हणाली. "एवढं बोलता तुमी. घास किती वेळा चावायचा ते सांगता. घरातल्या फ्रिजात काय ठेवलंय, तेवढंच सांगायचं राहिलं व्हय?"

डॉक्टरांनी पाय खाली ठेवला. फार हलक्या हातानं ठेवला.

"माझ्याकडे इथला परवाना नाही आता," ते म्हणाले. "औषधाबद्दल बोललो आणि कुणी तक्रार केली तर मला पहिल्या विमानानं पाठवतील. म्हणून मी..."

"तुमाला पाठवतील. आन् ह्यांचा पाय?"

डॉक्टरांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "उठ. माझ्या खांद्यावर भार दे. इस्पितळात जाऊ."

इस्पितळात दोन बोटं काढली. साखर एवढी चढली होती की आधी ती उतरवावी लागली, तोवर ऑपरेशन थांबलं. डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसून होते. आतले डॉक्टर बाहेर आले की उठून उभे राहायचे, इंग्रजीत काही विचारायचे. आतले तरुण डॉक्टर त्यांना विचारायचे, "आप कौन? रिश्तेदार?" ते म्हणायचे, "पहचानवाला." हेमलता ते ऐकायची. एमडी आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. लाजेपोटी म्हणत नाहीत की भीतीपोटी, हे तिला ठरवता आलं नाही. तिनं त्यांनी आणलेला चहाही घेतला नाही.

पुढच्या शुक्रवारी ती इस्तिराहात गेली. भाकरी करायला नाही. तिला बघायचं होतं. ती खोलीत बसली नाही, दाराच्या चौकटीत उभी राहिली, जिथून डॉक्टर दिसत होते.

डॉक्टर नेहमीसारखे उभे राहिले. मग नेहमीच्या हिंदीत बोलू लागले.

"माझी बायको इन्सुलिन घेते. मी स्वतः तिला टोचतो. माझ्या हृदयासाठी मी तीन गोळ्या घेतो, आज सकाळीही घेतल्या. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपला एक माणूस इस्पितळात आहे. त्यानं माझं गप्प बसणं ऐकलं आणि सुई फेकून दिली. आणखी कुणी फेकली असेल तर आज चालू करा. चाला, नीट खा, नीट झोपा, ते सगळं खरंच आहे. पण औषधाच्या सोबतीनं. औषधाच्या जागी नाही."

गालिच्यावर कुजबुज सुरू झाली. पुढे बसलेला एक पंकज नावाचा वेल्डर, जो दर शुक्रवारी डॉक्टरांचं पाणी भरून ठेवायचा, तो उभा राहिला.

"साहेब, कुणी दम दिलाय का तुम्हाला? खरं सांगा."

"नाही रे बाबा."

"मग क्लिनिकवाल्यांनी परत बोलावलंय?"

"कुणी बोलावलं नाही. मी सांगतोय ते माझं मी सांगतोय."

"आत्तापर्यंत सांगत होता ते कुणाचं होतं मग?" मागून कुणी ओरडलं. दोघंतिघं हसले. एक म्हातारा पंजाबी उठून जोडे शोधू लागला. त्याच्यामागे आणखी काही उठले. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. माणसं गालिच्याच्या कडेनं एकेक करून निघून गेली, जाताना डॉक्टरांना सलाम करायचं टाळत. "विकला गेला," असं दाराशी कुणीतरी म्हणालं. हेमलताला ते स्पष्ट ऐकू आलं.

इतके दिवस जो संशय ती एकटी मनात धरून होती तो आता सगळ्यांच्या तोंडात होता, आणि तो नेमका आज, त्यांनी खरं सांगितलं त्या दिवशी. तिला त्याचं समाधान वाटलं नाही. पेजेचं पातेलं भरलेलं तसंच होतं. भाभी वाकड्या बोटांनी झाकण लावायचा प्रयत्न करत होत्या. हेमलतानं जाऊन झाकण लावलं.

इस्तिराहा बंद झाली. तक्रार कुणी केली नाही, की केली आणि वर पोचली नाही, ते कळलं नाही. डॉक्टर गोदामावर बसू लागले. पेट्यांवर चिकटपट्ट्या लावायचं काम बघायचे.

धोंडीराम घरी आला तो काठी घेऊन. डेअरीत काय होईल हाच त्याला घोर. कामाला लायक नाही असा शिक्का बसला की फायनल एक्झिट, कायमचं परत. आर्याची शाळा, इथलं घर, सगळं खलास. मुदीर एकदा येऊन गेला. पायाकडे बघितलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, जखम भरली तर स्टोअरमध्ये बस, पाने-पक्कड दे. नाही भरली तर मी काय करू?

म्हणजे सगळं जखमेवर येऊन थांबलं. इस्पितळात रोज जायचं तर टॅक्सी, रांग, कामाचा दिवस. एके दिवशी दुपारी दार वाजलं. डॉक्टर उभे होते, हातात पिशवी.

"रोज पट्टी बदलावी लागेल. मी करतो. तुमची परवानगी असली तर."

धोंडीराम आतून म्हणाला, "या की साहेब." हेमलता दारातून हलली नाही.

"पिशवीत काय हाय?"

त्यांनी पिशवी उघडून दाखवली. गॉझ, सलाईनची बाटली, हातमोजे. प्रत्येक वस्तू तिनं हातात घेऊन बघितली, तारखा आर्याकडून वाचून घेतल्या. मग बाजूला झाली.

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. ती त्यांच्या खांद्याशी उभी राहायची. हे कशाला? एवढं पाणी का? ही कातडी का कापली? डॉक्टर प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायचे. कधी दमून द्यायचे, पण द्यायचे. सुई घेतलीस का, हे धोंडीरामला विचारल्याशिवाय ते पायाला हात लावत नसत. धोंडीराम त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलू बघायचा, अंगात काय काय साठतं ते विचारायचा. डॉक्टर म्हणायचे, "आधी पाय." खड्डा भरत आला. कडांना गुलाबी रंग धरला.

मग एका दुपारी त्यांनी पिशवीतून एक नवी ट्यूब काढली. हातमोजे घातले, झाकण फिरवलं. आतून तपकिरी, दाट काही आलं.

"ह्ये काय?" हेमलतानं विचारलं.

"मध."

"काय?"

"जखमेचा मध. खास त्यासाठीच तयार करतात. सीलबंद, निर्जंतुक. आता या टप्प्याला..."

"थांबा." तिनं मधे हात घातला. "लावू नका."

"हेमलताबाई, हा घरातला मध नव्हे. मोठमोठ्या इस्पितळांत..."

"असंल. मी विचारते."

धोंडीराम पलंगावरून म्हणाला, "अगं, त्यांचा अपमान कशापायी करतीस? एमडी हायत ते."

"तुमी गप बसा."

तिनं इस्पितळातल्या सिस्टरला फोन लावला. ती केरळची, हेमलताचं मोडकं हिंदी तिला कळायचं. ट्यूबवरचं नाव आर्यानं अक्षर अक्षर वाचून सांगितलं. मग सिस्टर म्हणाली, ऐकलंय मी याचं नाव, पण मी हो म्हणणार नाही. सर्जन ऑपरेशनमध्ये आहेत. बाहेर आले की विचारून सांगते. फोन ठेवू नका.

हेमलतानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. "विचारून सांगत्यात," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. ट्यूबला झाकण लावून ती बाजूला ठेवली, हातमोजे बदलले, जखमेवर ओला गॉझ अलगद झाकला. मग दोन्ही हात छातीसमोर वर धरले, कशाला शिवू नयेत म्हणून, आणि फरशीवर मांडी घालून तसेच वाट बघत बसले.